तीन पायऱ्या आणि एक गटार

मी बत्तीस वर्षं ग्रामसेविका होते. ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. मी बाई असले तरी त्या खुर्चीवर बसले म्हणून मीही भाऊसाहेबच झाले. सुरुवातीला हसू यायचं, पुढे सवय झाली. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा ग्रामविकास, बचतगट, आदर्श गाव असलं काहीतरी असावं. त्यांची निराशा होणार आहे. माझी निम्मी नोकरी लोकांच्या गटारात गेली आणि मी त्याबद्दलच लिहिणार आहे.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून मी सात गावं केली. सातही गावांत एक गोष्ट सारखी होती. नळाला पाणी आलं नाही तर लोक दोन दिवस कळ काढायचे, पण शेजाऱ्याचं सांडपाणी दारात आलं तर दोन मिनिटं थांबायचे नाहीत. ऑफिसचं कुलूप काढायच्या आधी माणसं पायरीवर बसलेली असायची. त्यातला एक म्हणणार पाणी त्याचं, दुसरा म्हणणार पाणी याचं, आणि दोघं मिळून म्हणणार की ग्रामपंचायत झोपा काढते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात वाद घालण्यासारखं काय आहे? नियम तर सोपा आहे. घरातल्या न्हाणीचं आणि मोरीचं पाणी गल्लीतल्या गटारापर्यंत पोचवायचं काम घरमालकाचं, तिथून पुढे ग्रामपंचायतीचं. पण घर आणि गटार यांच्यामध्ये असतो ओटा. ओटा दरवर्षी वीतभर पुढे सरकतो. मग त्याला पायरी येते, पायरीवर तुळशीवृंदावन येतं, गटारावर फरशी पडते, फरशीवर मोटारसायकल उभी राहते. आत काय तुंबलंय ते बघायचं म्हटलं तर तुळस हलवावी लागते, आणि तुळस हलवा म्हणणारी ग्रामसेविका गावात टिकत नाही.

अर्ज आला की त्याला आवक नंबर टाकायचा, मग स्थळपाहणी, पंचनामा आणि शेवटी नोटीस, असा कागदाचा रस्ता ठरलेला. स्थळपाहणीला गेलं की सगळी गल्ली जमायची आणि जो तो इंजिनियर व्हायचा. या कामात मला दोन गोष्टी फार लवकर कळल्या. पहिली ही, की गटारावरून भांडतात पुरुष आणि पाणी उपसतात बायका. म्हणून मी ओट्यावरच्या मंडळींसमोर थोडा वेळ मान डोलवायची आणि मग प्यायला पाणी मागत सरळ स्वयंपाकघरात शिरायची. कुठून, कधी आणि किती पाणी येतं, ते तिथे पाच मिनिटांत कळायचं. दुसरी गोष्ट म्हणजे नीळ. पांढऱ्या कपड्यांना घालतात ती साधी नीळ. संशय असेल त्या मोरीत बादलीभर निळं पाणी ओतायचं आणि ते कुठे निघतं ते बघत बसायचं. माणूस खोटं बोलतो, नीळ बोलत नाही, म्हणून माझ्या पर्समध्ये तिची बाटली कायम असायची.

डिंभ्याच्या बाजूला नोकरीला होते तेव्हा एक गृहस्थ दर महिन्याला अर्ज घेऊन यायचे. त्यांची वाडी ऑफिसपासून लांब आणि एसटीचा भरवसा नाही, त्यामुळे अर्ज दिल्यावर परतीची गाडी येईपर्यंत ते समोर बसून तोच अर्ज मला तोंडी ऐकवायचे. शेजारी मुद्दाम माझ्या अंगणात पाणी सोडतो, एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटी मी पाहणीला गेले. शेजाऱ्याच्या मोरीत नीळ ओतली, काही नाही. पलीकडच्या घरात ओतली, काही नाही. मग वैतागून त्यांच्याच न्हाणीत ओतली, आणि थोड्या वेळात त्यांच्या अंगणात निळं डबकं झालं. गवंड्याने न्हाणीचा पाइप भिंतीबाहेर काढून तिथेच सोडला होता आणि वर माती ओढून तो निघून गेला होता. गृहस्थांनी डबक्यात बोट बुडवून ते उलटसुलट करून पाहिलं.

"मंग भाऊसाहेब, नोटीस आता कोनाला देनार?"

"तुम्हालाच."

"द्या. पन शेजाऱ्याला बी एक द्या. त्यानं मला आधी सांगाया पायजे व्हतं."

असली प्रकरणं सांगायला लागले तर अंक पुरायचा नाही. ज्या प्रकरणासाठी हे लिहायला घेतलं, ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

जुन्नरच्या पूर्वेकडचं ते गाव. नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. शाळेच्या गच्चीवर उभं राहिलं की खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीच्या मोठाल्या थाळ्या दिसतात. आकाशात कुठे काय चाललंय ते तिथे बारकाईने मोजतात. आमच्या एका गल्लीचं गटार कोणत्या बाजूला उतरतं, हे मात्र गावात कोणालाच मोजता आलं नव्हतं, आणि त्या न मोजणाऱ्यांत मीही होते.

त्या गल्लीत वीस-पंचवीस घरं. तळाला शेवटचं घर हसनभाई पिंजारींचं. गाद्या-उशा भरायचं त्यांचं पिढीजात काम. पंचक्रोशीत लग्न ठरलं की मुलीला द्यायची गादी हसनभाईंकडची, असं ठरलेलं. माणूस बुटका नाही, चांगला उंच, पण बोलणं इतकं हळू की आपल्याला पुढे झुकावं लागायचं. त्यांच्या वरच्या अंगाला बबनरावांचं घर. बबनराव बागायतदार, आवाज मोठा, मन वाईट नाही, पण चूक आपली असू शकते हे त्यांच्या घराण्यात कोणाला ठाऊक नव्हतं.

हसनभाईंचा अर्ज दरवर्षी एकाच सुमारास यायचा, घट बसायच्या आधी. पावसाळ्यात गटाराचं पाणी थोडं मागे यायचं, तेवढं ते न्हाणीच्या तोंडाला चिंध्यांचा बोळा लावून थोपवायचे. पण त्या एका आठवड्यात बोळा उडायचा आणि गल्लीचं सगळं फेसाळ, काळं पाणी न्हाणीतून उलटं घरात शिरायचं. घोट्याच्या वर. घरात कापूस, लोकांनी आणून दिलेलं कापड, निम्म्या भरलेल्या गाद्या. दिवाळीनंतर लग्नसराई, तिची सगळी तयारी जमिनीवर. भिजलेला कापूस वाळवता येतो, पण गटाराच्या वासाचा कापूस नव्या नवरीच्या गादीत कोण भरणार? तो ओढ्याच्या काठी नेऊन टाकताना मी त्यांना एकदा पाहिलं आहे. मी हाक मारली नाही.

याच आठवड्यात का, ते मला बबनरावांच्या बायकोने, लताबाईंनी, चहा टाकता टाकता सांगितलं.

"दसरा काढतो नव्हं आमी."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवून काढतात. गोधड्या, वाकळा, पडदे, पोती, डबे, भिंती. त्याला दसरा काढणं म्हणतात. पित्राचं जेवण झाल्यावर आणि घट बसायच्या आत हे उरकायचं, म्हणून सगळ्यांची झुंबड त्याच तीन-चार दिवसांत.

"पयल्यानं नदीला न्यायचो समदं," लताबाई म्हणाल्या. "बैलगाडी भरून. आता नळ आलाय, बोअर हाय, मशिन हाय. नदीला कोन जातंय?"

ही नळयोजना मीच त्या गावात आणली होती. तिच्या उद्घाटनाचा फोटो अजून माझ्या घरी आहे. पाणी घरात आणायची योजना असते, त्याला मंजुरी असते, नारळ असतो. आलेलं पाणी घराबाहेर कुठे जाणार, हे विचारायला त्या दिवशी मंडपात कोणी नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

मग गल्लीची बैठक घेतली. रोज चार घरांनी दसरा काढावा, बाकीच्यांनी थांबावं, असं सुचवलं. इतकी साधी गोष्ट, पण डोकं फिरायची वेळ आली. एकीच्या सासऱ्यांचं पित्र अवसेला, तिला आधी धुता येत नाही. एकीची सून शिक्षिका, तिला फक्त रविवार. एकीने अवसेला धुणं काढत नाहीत म्हणून हात वर केले. आणि प्रत्येक घराचं ठाम मत एकच, की आमचं पाणी ते किती, दोन बादल्या. वीस घरांच्या दोन-दोन बादल्यांनी हसनभाईंचं घर कसं भरतं, हे गणित बैठकीत कोणालाच सुटलं नाही. शेवटी बबनराव उठले.

"भाऊसाहेब, उगा आमाला नका शिकवू. पानी उताराला जानारच. हसनच्या बापानं खड्ड्यात घर बांधलं, त्याला गल्ली काय करनार? म्हातारा येडाच व्हता."

लोक हसले. हसनभाई उठून गेले.

मी बबनरावांनाच नोटीस काढली. हसनभाईंच्या घराच्या खालच्या अंगाला, आपल्या मळ्यात ट्रॅक्टर न्यायला त्यांनी गटारावर सिमेंटचा रॅम्प केला होता आणि खाली सहा इंची पाइप टाकला होता. गोधड्यांचे धागे अडकून तोच तुंबत असणार, अशी माझी खात्री. बबनरावांनी शिव्या देत का होईना, रॅम्प फोडला. गटार उघडं झालं. पुढच्या दसऱ्याला पाणी पुन्हा हसनभाईंच्या घरात, आणि आता बबनराव माझ्याकडे बघून मोठ्याने बोलायला मोकळे.

मग मी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. गवंड्याची लेव्हलची नळी आणली, पाणी भरलेली पारदर्शक नळी असते ती, आणि दगडूभाऊ शिपायाला दुसरं टोक धरायला लावलं. दुपारची वेळ, गल्लीत कोणी नव्हतं. आम्ही गटाराचा तळ मापत गेलो. हसनभाईंच्या दारापर्यंत उतार बरोबर होता. तिथून पुढे ओढ्याकडे जाताना तळ खाली जायच्या ऐवजी चार बोटं वर चढला होता. गटाराचा उतार उलटा होता. पाणी ओढ्याला जाणारच नव्हतं, ते हसनभाईंच्या दारात थांबणार आणि जास्त झालं की न्हाणीतून आत जाणार.

हे गटार रस्त्याबरोबर झालेलं. रस्त्याचं आणि गटाराच्या तळाचं काँक्रीट जुनं न उकरता वरच्या वर ओतलं होतं, कारण मार्चअखेर तोंडावर आली होती आणि निधी परत जाऊ द्यायचा नव्हता. काम नकाशाप्रमाणे आणि समाधानकारक झालं, असा दाखला त्यावर होता. खाली सही माझी. त्या दिवशी मी गल्लीच्या वरच्या टोकाला उभी राहून सही केली होती, तळापर्यंत चालत गेले नव्हते.

दगडूभाऊंनी नळी गुंडाळली. "काय लिवायचं भाऊसाहेब?"

"काही नाही. कोणाला बोलू नका," मी म्हटलं.

दोन शेजारी एकमेकांचं तोंड बघेनासे झाले होते, मी एकाचा रॅम्प फोडायला लावला होता, आणि खरं काय ते माझ्यापाशी होतं. लोक सरकारी माणसाला गेंड्याच्या कातडीचा म्हणतात. कातडी तशी नसते. चौकशी लागेल, नोकरीच्या शेवटी डाग लागेल, या भीतीनेच माणूस गप्प बसतो. मी वर्षभर गप्प बसले. त्या वर्षीही पाणी शिरलं.

त्यानंतर हसनभाईंचा जो अर्ज आला तो वेगळा होता. गटार दुरुस्त करा, पंचनामा करा, यातलं काहीच त्यात नव्हतं. कोणाच्या तरी शाळकरी अक्षरात एवढंच होतं: 'माझे घर खड्ड्यात बांधलेले नाही, असे ग्रामपंचायतीने लिहून द्यावे.'

मी त्यांना बोलावून घेतलं. मनातून चिडलेच होते. असला दाखला कोणत्या नमुन्यात द्यायचा?

"हसनभाई, असं लिहून दिल्याने पाणी थांबणार आहे का?"

"पानी न्हाई थांबनार," ते म्हणाले. "पन माजी नातवंडं ऐकत्यात. पोरगा म्हनतो, आज्यानं येड्यासारखं घर बांधलं, इकून टाका. भाऊसाहेब, माज्या बापानं तीन पायऱ्या केल्या व्हत्या दाराला. चढून घरात जायचो आमी. आता म्या एक पायरी उतरून जातो. घर काय खाली गेलं का? तुमीच सांगा."

मी स्थळपाहणीची तारीख दिली.

त्या दिवशी सगळी गल्ली जमली, बबनराव पुढे. पंच म्हणून दोघं होते. हसनभाईंनी तीन पायऱ्यांचं सांगितलं. बबनराव म्हणाले, "कुटं हायत पायऱ्या? दाव की."

हसनभाई आत गेले आणि पहार घेऊन बाहेर आले. त्यांनी दाराजवळच्या रस्त्यावर घाव घातला. सरकारी रस्ता होता. त्यांना थांबवणं हे माझं काम होतं, गुन्हा दाखल करायचा तर फिर्यादी मीच असते. मी दगडूभाऊंना म्हटलं, "बघताय काय? टिकाव घ्या आणि मदत करा."

वरचा थर फुटला, तो माझ्या सहीचा. त्याखाली आधीच्या सरपंचाच्या काळातला, त्याखाली त्याच्याही आधीचा. रस्त्यावर रस्ता, त्यावर रस्ता, कोणीच आधीचा उकरला नव्हता. मग माती लागली, आणि मातीत काळ्या दगडाची घडीव कड दिसली. हसनभाईंनी हाताने माती काढली. एक पायरी. अजून खणलं, दुसरी. तिसरी उघडी पडेपर्यंत ते गुडघ्यांवर बसून होते आणि त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

बबनराव वाकून बघत होते. मग ते आपले आपणच बोलल्यासारखं म्हणाले, "ह्या खालच्या पायरीवर बसायचो राव आमी. म्हातारा कापूस पिंजायचा आन आमाला वरडायचा, नाकात जाईल म्हून."

"मग खड्डा कुठला होता, बबनराव?" मी विचारलं. खरं म्हणजे तो प्रश्न विचारायचा मला काहीच अधिकार नव्हता.

"लिवा भाऊसाहेब," ते म्हणाले. "तीन पायऱ्या हायत म्हून लिवा. सही म्या करतो."

मी तिथेच रस्त्यावर बसून पंचनामा लिहिला. घर मूळ रस्त्याच्या पातळीपासून तीन पायऱ्या उंच होतं, रस्ता वेळोवेळी वर आल्याने ते खाली दिसतं, असं लिहिलं. त्याच्याच पुढे लिहिलं, की गटाराचा उतार उलटा आहे आणि हे काम पूर्ण झाल्याचा दाखला माझ्या सहीने, जागेवर शेवटपर्यंत न पाहता दिला गेला. मोठ्याने वाचून दाखवलं. बबनरावांनी आपल्या फोडलेल्या रॅम्पकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे बघितलं, तेवढं मला पुरेसं होतं.

मला कारणे दाखवा नोटीस आली, ती मी घेतली. गटार उकरून उतार सरळ करावा असा ठराव वर पाठवला. आठ महिन्यांनी मंजुरी आली. लिफाफा उघडला आणि कपाळावर हात मारला. गटार दुरुस्तीला कोणत्याच योजनेत जागा नव्हती, म्हणून वरच्यांनी आमच्यावर कृपा करून त्या गल्लीला नवा काँक्रीट रस्ता मंजूर केला होता. मी तो परत पाठवला, पत्रं लिहिली, तालुक्याला चकरा मारल्या. तेवढ्यात माझी बदली झाली. माझ्यामागून आलेल्याने रस्ता करून टाकला. त्याचीही मार्चअखेर असणार.

निवृत्त झाल्यावर गेल्या वर्षी ओझरला दर्शनाला गेले होते, तिथून वाट वाकडी करून त्या गावात गेले. घट बसायचे होते. गल्लीभर गोधड्या वाळत होत्या आणि गटार फेसाने भरून वाहत होतं. हसनभाईंच्या दाराशी गेले. पायऱ्या अर्थातच दिसत नव्हत्या. घर मात्र कोरडं होतं. त्यांनी सगळ्या घराची जमीन भराव घालून वर उचलली होती, न्हाणीसकट. छप्पर तेवढंच राहिलं होतं. आत आढं इतकं खाली आलं होतं, की तो उंच माणूस आपल्या घरात मान वाकवून चालत होता. गादीला टाके घालतानाच काय तो सरळ, कारण तेव्हा बसलेला असायचा.

"डोकं संबाळा भाऊसाहेब," त्यांनी मला आत घेताना सांगितलं. सुनेने चहा आणला. मी पंचनाम्याचं विचारलं. नक्कल त्यांनी पेटीत जपून ठेवली होती. "आता बापाला कोन येडं म्हनत न्हाई," ते म्हणाले. "बबन तर सोता सांगतो लोकान्ला." त्यांनी माझ्यावर राग धरला नव्हता, आणि ते मला सोसेना.

एक गोष्ट मी त्यांना तेव्हाही सांगितली नाही, म्हणून इथे लिहिते. नवं काम झालं की पहिलं वर्षभर ते दुरुस्त करून द्यायला ठेकेदार बांधलेला असतो. चूक दाखवली की त्याला येऊन उकरावं लागतं, त्यासाठी ना ठराव लागतो, ना मंजुरी. हसनभाईंचा पहिला अर्ज त्या मुदतीतला होता. मी त्यावर आवक नंबर टाकला आणि तो फायलीला लावून दिला.